राहात्यापर्यंतची हमी

जगातल्या कुठल्याही वस्तूवर, माणसावर किंवा ऋतूवर हमीशिवाय विश्वास ठेवायचा नाही, असं ठरवून जन्माला आलेला एकच माणूस मी पाहिला, आणि तो म्हणजे आमच्या आत्याचे यजमान. आमच्याकडे आत्याच्या यजमानांना मामाच म्हणतात. कोपरगावजवळ कालव्याच्या कडेला मामांचा ऊस होता, दावणीला बैल होते, अंगात कडक धुतलेला सदरा, खांद्यावर उपरणं आणि तोंडात सदैव एकच प्रश्न, "हमी काय?" बाजारात कलिंगडवाल्यानं खाप कापून लाल गर दाखवला की मामा म्हणायचे, "ही झाली ह्या अंगाची. त्या अंगाची काय हमी?" तो बिचारा दुसऱ्या अंगानं कापायचा. असं चारी अंगांनी कापलेलं कलिंगड घेऊन मामा घरी पोचायचे तेव्हा त्यातलं निम्मं उपरण्यावर सांडलेलं असायचं. न्हाव्यानं दाढी करून आरसा पुढे धरला की ते गाल चाचपून विचारायचे, "सोमवारपातूर ऱ्हाईल का?" एकदा त्यांनी एस.टी.च्या कंडक्टरला विचारलं, "नगरला पोचंल ना गाडी?" तो म्हणाला, "पोचंल की." मामा म्हणाले, "हमी?" कंडक्टरनं त्यांना सरळ खाली उतरवलं. गाडी त्या दिवशी अगदी वेळेवर नगरला पोचली. पुढे कोणी तो विषय काढून चिडवलं तर मामा शांतपणे म्हणायचे, "पोचली. पन हमी न्हवती."

बरं, हमी मिळाली म्हणजे माणूस सुखी होईल, तर तेही नाही. त्यांनी एकदा मनगटी घड्याळ घेतलं. दुकानदारानं वर्षाची गॅरंटी दिली. मामांनी ते घड्याळ फडक्यात गुंडाळून वर्षभर कपाटात ठेवलं. गॅरंटी चालू असताना घड्याळ बिघडलं तर ते घेऊन दुकानदाराच्या दारात जायचं, त्याला त्याच्या शब्दाची आठवण द्यायची, तो चार लोकांत ओशाळणार, हे त्यांना बघवलं नसतं. वर्ष सरल्यावर त्यांनी ते हातात बांधलं आणि ते पुढे अनेक वर्षं छान चाललं. हमी वापरण्यासाठी नसते, ती मिळवण्यासाठी असते, अशी काहीशी त्यांची समजूत होती.

ह्या सगळ्याचं मूळ बैलबाजारात होतं. मामांची उमेदीची वर्षं बैलांच्या खरेदीत गेली होती, आणि बैल काही भांड्यासारखा वाजवून घेता येत नाही. म्हणून तिकडे तो बोलीवर घ्यायची पद्धत. विकणारा बैलाच्या पाठीवर हात ठेवून सगळ्यांसमोर बोली करतो, की हा औताला चालेल, गाडीला चालेल, मारका नाही, कामात बसका नाही. घेणारा थोडा विसार देऊन बैल घरी नेतो, चार दिवस जुंपून बघतो आणि बोलीत खोट निघाली तर बैल परत. भाव ठरतो तो उपरण्याखाली, एकमेकांची बोटं दाबून, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. आणि एवढ्यानंही मन भरलं नाही तर मामा विकणाऱ्याला खंडोबाच्या देवळात नेऊन बेलभंडार उचलायला लावायचे. बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन दिलेला शब्द त्यांच्या लेखी सरकारी स्टँपाच्या वर होता. असा माणूस मोटार घ्यायला निघाला.

मोटारीचं निमित्त आमची आत्या. मी तेव्हा कोपरगावला साखर कारखान्याच्या कचेरीत नोकरीला होतो आणि दोन्ही वेळा आत्याकडे जेवायला होतो, म्हणून हे सगळं मला जवळून बघायला मिळालं. आत्याचं माहेर, म्हणजे आमचं घर, तिसगावला. जिल्हा एकच, पण एक टोक इकडे आणि एक तिकडे. आत्याला एस.टी. लागायची, शिर्डी यायच्या आतच तिचा चेहरा पांढराफटक पडायचा. म्हणून दर भाऊबीजेला आमचे वडील, आण्णा, तिच्याकडे यायचे. गाड्या बदलत, गर्दीत उभे राहत, बाजरीच्या पिठाची पुरचुंडी काखेला मारून यायचे आणि ओवाळून घेऊन दुसऱ्या दिवशी परत जायचे. त्यांनी एकही साल चुकवलं नव्हतं. मग त्या वर्षी उन्हाळ्यात आण्णांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली, आणि ते बाजेवरून अंगणापर्यंत जाऊ लागले हीच मोठी गोष्ट झाली. यंदा भाऊबीजेला ते येणार नव्हते. आत्यालाच जायला हवं होतं. तिनं कुणापुढे हट्ट धरला नाही, फक्त एक दिवस भाकरी थापता थापता म्हणाली, "मोटारीत म्हनं वास येत न्हाई." मामांनी पुढचा घास घेतला नाही. दुसऱ्या दिवशी ते मोटार बघायला बाहेर पडले.

गावातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांना आपली काळी, गोल पाठीची मोटार काढायची होती. मामा मला घेऊन गेले. त्यांनी आधी मोटारीला सावकाश एक फेरी घातली, मग मागच्या बाजूला उभं राहून तिच्या पाठीवर थाप मारली आणि ती दचकते का बघितलं. दारावर एक गोल ओरखडा होता. बैलाच्या अंगावरचा केसांचा भोवरा पारखावा तसा तो त्यांनी बोटानं चाचपला आणि मला कानात म्हणाले, "भोवरा वाईट जागी हाय." मग बॉनेट उघडायला लावून, बैलाच्या तोंडात बघावं तसं आत बघत ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, बसकी तर न्हाई ना?" डॉक्टरांना वाटलं सीटबद्दल विचारतायत. ते म्हणाले, "छे छे, मागे तिघं आरामात बसतात." भावाची वेळ आली तेव्हा मामांनी डॉक्टरांचा हात धरला, वर उपरणं टाकलं आणि खालून बोटं दाबायला सुरुवात केली. डॉक्टरांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, मग सवयीनं मामांचं मनगट पकडलं, डोळे मिटले, आणि जरा वेळानं म्हणाले, "नाडी उत्तम आहे. काळजीचं काही कारण नाही." शेवटी भाव मीच तोंडानं बोलून ठरवला. मामांना ते अजिबात आवडलं नाही. चारचौघांत भाव बोलणं म्हणजे त्यांच्या दृष्टीनं उघड्यावर आंघोळ करणं होतं.

"आता बोली करा," मामा म्हणाले. डॉक्टर हसले. "अहो, मी उभ्या आयुष्यात पेशंटची हमी दिली नाही, मोटारीची कुठून देऊ? माझ्या मिस्त्रीला विचारा. इतकी वर्षं त्यानंच ती चालती ठेवली आहे." मामांना मोटार तर आवडली होती. तेव्हा बोलीशिवायच ती घरी आणून गोठ्याशेजारी उभी केली. ट्रॅक्टरवर हात बसलेला असल्यानं ती त्यांना चालवायला जड गेली नाही. पोळ्याला त्यांनी बैलांबरोबर तीही धुतली, दिव्यांना गोंडे बांधले, आणि आत्यानं ओवाळून पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. पोळी मोटारीच्या वतीनं मी खाल्ली.

मिस्त्रीचं गॅरेज म्हणजे रस्त्याकडेला एक पत्र्याचं छप्पर आणि एक सायकल. मिस्त्री बोलण्यात मोकळा होता. तो म्हणाला, "देतो की हमी. वर्षाची रक्कम आधी द्या. मग वर्षात इंजिन बिघडो, गेअर बिघडो, ब्रेक बिघडो, तुमी पुन्यांदा पैसा द्यायचा न्हाई. जितं बंद पडंल तितं मी येईन." मामा थक्क झाले. "हमीचं पैसं?" त्यांनी विचारलं. "व्हय." "म्हंजे बैल घ्यायचा त्याचं येगळं, आन् बैल बरा हाय असं म्हनायचं येगळं?" मिस्त्री म्हणाला, "मालक, म्या कुटं म्हनतो बरी हाय? बिघडंल असं समजूनच तर मागतोय."

त्या एका वाक्यानं मामांचा संसार ढवळून निघाला. पोळा गेला, गणपती बसले आणि उठले, पितृपक्ष सरला, आणि मामा हमी घ्यावी की न घ्यावी ह्या विचारात कालव्याच्या कडेनं फेऱ्या मारत राहिले. मोटार तोवर दाराबाहेर गेली नाही. सकाळी धारा काढून झाल्या की मामा ती सुरू करायचे, बॉनेटवर तळवा ठेवून तिची धाप ऐकायचे आणि बंद करायचे. जेवताना त्यांचा रोजचा मुद्दा मला पाठ झाला होता. "पैसं भरलं आन् वरीसभर काईच मोडलं न्हाई, तर पैसं वाया गेलं. मंग मला वाटनार, मोडावं काईतरी. म्हंजे पैसं देऊन माझीच मोटार मोडायची वाट बगत बसायचं? ह्यो कंचा धर्म?" मी म्हणायचो, "मग भरू नका." तर ते पाणी पिऊन म्हणायचे, "आन् मोडली म्हंजे?" गावातल्या शाळेच्या हेडमास्तरांनी त्यांना समजावलं की हे विम्यासारखं आहे. मामा म्हणाले, "विम्याला मानूस मरावं लागतं. ते आपल्याला नगं." आत्या हे सगळं मुकाट्यानं ऐकायची. पण एकदा तिलाही राहवलं नाही. "अवो, मोटार आनली का देव बसवला?" ती म्हणाली. "दिवाळी तोंडावर आली."

ते साल दुष्काळाचं होतं. आमच्याकडे निदान कालव्याला कधीतरी पाणी यायचं. तिसगावकडून येणाऱ्या पत्रांत मात्र विहिरी आटल्याचं आणि माणसं खडी फोडायच्या कामावर गेल्याचंच असायचं. पत्र दुसऱ्याच्या अक्षरात असायचं, आणि शेवटी न चुकता, आक्का येणार का, एवढा एक प्रश्न. आत्या तो प्रश्न मला पुन्हा वाचायला लावायची. मला मामांचा राग यायचा, आणि तेव्हाही, आज सांगतो, पूर्ण राग यायचा नाही. माणूस कंजूष असता तर सोपं होतं. हा माणूस खरोखरच रात्रंदिवस मोटारीचा विचार करून वाळत चालला होता.

दसऱ्याला निकाल लागला. मोटारीला झेंडूची माळ घालता घालता मामा एकदम म्हणाले, "घेतली. हमी घेतली." मिस्त्रीला देवळात बोलावलं. त्यानं हात तेलकट असल्याची सबब सांगितली. मामांनी त्याला राखेनं हात घासायला लावले. मग बेलभंडार हातात घेऊन मिस्त्री बोलला, "इंजिन, गेअर, ब्रेक, वरीसभर माझ्याकडं. टायर माझ्या बोलीत न्हाई. आन् राहात्यापर्यंत." मामांनी विचारलं, "राहात्यापर्यंत म्हंजे?" "राहात्याच्या फुडं सायकल मारली का माझी छाती भरून येती. तितवर कुटंबी बंद पडू द्या, मी येनार." मामांना हे फारच पटलं. ज्या हमीला हद्द आहे ती हमी खरी, असं ते मला परत येताना म्हणाले. राहाता म्हणजे शिर्डी ओलांडली की लगेच, आणि तिथून पुढे तिसगाव किती लांब आहे, हे त्या वेळी मला आठवलं, आत्याला तर आठवलंच असणार, पण मामांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की कोणी बोललं नाही.

भाऊबीजेला आम्ही पहाटेच निघालो. मागच्या सीटवर आत्या, तिच्या मांडीवर ओवाळणीचं ताट, पायाशी फराळाचे डबे, आणि डिकीत आण्णांच्या घरासाठी ज्वारीची पोती. आत्यानं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. शिर्डी आली आणि गेली. तिला काही झालं नाही, वास येत नव्हता. ती खिडकीतून उसाचे फड बघत होती आणि मधूनच मला सांगत होती, ह्या बाजूनं आम्ही लग्नाच्या वऱ्हाडाच्या गाड्या आणल्या. राहाता आलं. बाजारतळ मागे पडल्यावर मामांनी मोटार एका लिंबाच्या सावलीला घेतली, इंजिन बंद केलं, हातातलं घड्याळ बघितलं आणि मला म्हणाले, "नगरची एस.टी. येईलच आता. आत्याला नीट बसीव. मी उद्या सांजच्याला हितंच येऊन थांबतो."

ह्या माणसानं हे सगळं आधीच ठरवलं होतं, आणि त्यात त्याला काडीचंही वावगं दिसत नव्हतं. उलट आत्याचा एवढा तरी प्रवास आपण सुखाचा केला ह्याचा थोडा अभिमानच होता. आत्या खाली उतरली नाही. ताटातलं निरांजन कलंडलं होतं, ते तिनं सरळ केलं. मग म्हणाली, "मिस्त्रीनं बेलभंडार उचलून राहात्यापर्यंतची बोली केली. तुमी आबांस्नी कुटवरची केल्ती?"

मामांचा हात किल्लीवरच राहिला. मला काही उमगेना. आबा म्हणजे माझे आजोबा, आत्याचे वडील, जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. मामा काचेतून समोर बघत, माझ्याशी बोलल्यासारखे बोलू लागले. "लग्नाच्या बोलनीत तुजं आजं म्हनलं, लेक लई लांब देतोय. हुंडा-मानपान काय बी म्हना, पन भाऊबिजंला भावाभनीची भेट चुकायची न्हाई, ह्याची हमी द्या. पोरगं हुतो मी. उटलो, खंडोबाम्होरं भंडारा उचलला." "इतकी वर्सं चुकली न्हाई ना मग," मी त्यांची बाजू सावरायला म्हणालो. मामा म्हणाले, "चुकली न्हाई. पन ती पाळली कुनी? हमी माझी आन् पाळली आन्नानं. गर्दीत उबा ऱ्हाऊन पाळली."

त्यांनी किल्ली फिरवली. एस.टी. आली ती आमच्या मागून, आणि मामांनी तिला पुढे जाऊ दिलं नाही.

राहात्याच्या पुढे मामा ज्या चेहऱ्यानं मोटार चालवत होते तो चेहरा मी पुन्हा कुणाचा पाहिला नाही. अनवाणी माणसानं काट्यांतून चालावं तसे ते एकेक मैल पुढे टाकत होते. कोल्हारला थांबून त्यांनी इंजिन ऐकलं, राहुरीला ऐकलं, नगरच्या वेशीबाहेर तर एका अनोळखी ट्रक ड्रायव्हरलाही ऐकायला लावलं. तो म्हणाला, "ठीक हाय." मामांच्या ओठांवर तो शब्द आलेला मला दिसला, पण त्यांनी तो गिळला. करंजीच्या घाटात मोटार तापली आणि बॉनेटमधून वाफ निघाली. तिथं रस्त्याच्या कडेला दुष्काळी कामाच्या बाया खडी फोडत होत्या. पाणी मागायची मामांना लाज वाटली. त्या मुलखात तेव्हा पाणी मागणं ही साधी गोष्ट नव्हती. बायांनीच आपापल्या कळश्यांतून थोडं थोडं काढून दिलं. आत्यानं अनारशांचा डबा उघडला आणि तिथंच उन्हात बसून सगळ्यांना वाटला. मामा गरम बॉनेटपाशी उभे होते. "हितं मिस्त्री आसता तर त्यानं बी पानीच वतलं असतं," ते मला म्हणाले.

आण्णा अंगणात बाजेवर बसून होते. मोटार दारात थांबली तेव्हा त्यांना आधी कळलंच नाही कोण आलं. मग आत्या उतरली, आणि आण्णा जड जिभेनं "आक्का, आक्का" एवढंच म्हणत राहिले. पाट मांडला, आत्यानं कुंकू लावलं, ओवाळलं. ओवाळणी घालायची वेळ आली आणि आण्णांचा उजवा हात उठेना. डाव्या हातानं ओवाळणी घालायची नाही, म्हणून ते तसेच बसून राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मामा पुढे झाले, आण्णांच्या शेजारी मांडी घालून बसले, त्यांचा तो निर्जीव हात आपल्या हातात घेतला, बोटं एकेक करून मिटवली, आणि त्याच हातानं ओवाळणी ताटात घातली. मामांबद्दल मनात असलेलं सगळं तिथं विरघळलं.

पुढच्या वर्षी मिस्त्री नव्या वर्षाची हमी विचारायला आला. मामांनी त्याला चहा पाजला, त्याच्या छातीची चौकशी केली आणि म्हणाले, "नगं आता. माझा रस्ता तुज्या हद्दीच्या फुडं जातो." मात्र तोवर आण्णा नव्हते. पावसाळ्याच्या सुरुवातीलाच ते गेले. भाऊबीज आली तेव्हा मला वाटलं, आता तिसगावला जायचं कारण उरलं नाही. पण त्या दिवशी मी सुट्टीवर घरी होतो, आणि दिवस कलताना दारात तीच काळी मोटार येऊन थांबली. आत्यानं पाट मांडून मला बसवलं नाही. भाच्याला भाऊबीजेचं ओवाळत नाहीत. ती ताट घेऊन अंगणात उभी राहिली. भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात, आणि भाऊबीजेचा चंद्र कोर असतो, आभाळात फार वेळ थांबत नाही. मामा टाचा उंचावून गावच्या कौलांवर बघत होते. कोर दिसल्याबरोबर ते घाईनं म्हणाले, "ती बग, ती बग. ववाळ लवकर, जाईल." आत्यानं ओवाळलं.

ती आत गेल्यावर मी मामांना विचारलं, "मामा, हे तिथं कोपरगावच्या अंगणात झालं असतं की. चंद्र तोच." ते मोटारीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. "व्हय," ते म्हणाले. "पन बोली तुज्या आज्याशी हाय. तो गेला, आन्ना गेला. ह्यातनं मला सोडवनारं आता कोन हाय?"

मोटार चालेनाशी होईपर्यंत ते दर भाऊबीजेला आत्याला घेऊन आले, आणि मोटार गेल्यावर एस.टी.नं, आत्याचं डोकं खांद्यावर घेऊन.